शून्य ते दहा

फोनवरची मुलगी म्हणाली, मावशी, थोडेच प्रश्न आहेत.
शून्य म्हणजे काहीच त्रास नाही,
दहा म्हणजे सहन होत नाही.
मधला कुठलाही आकडा सांगा.

सांगते की ओ. आकड्यांतच जन्म गेला.
पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार.
हात पान कापायचे, तंबाखू भरायचे, दोरा बांधायचे,
तोंड शेजारच्या सायराबीशी बोलायचं
आणि मोजणी आतल्या आत आपली चालायची,
कुणी न सांगता.

आता सतराला तुटते.
सतरा, आणि पुढे भिंत.
परत एक. परत सतरा.
परवा कारखान्यात चेकरनं माझे कट्टे सोडले समोर,
एकात बावीस, एकात एकोणतीस.
"नरसम्मा, चष्मा बदल," म्हणाला.
मी हो म्हटलं. चष्म्याचं निदान दुकान तरी असतं.

थकवा?
आमच्या विडी घरकुलात पाणी पाचव्या दिवशी, रात्री दोनला.
आधी चौदा घागरी व्हायच्या.
आता तिसरीला जिन्यात बसते,
घागर मांडीवर घेऊन, झोपलेल्या लेकरासारखी.
वर जाईपर्यंत पाणी गेलेलं असतं.
याला किती लिहिणार तुम्ही?

वास?
माझ्या पाळण्याखाली तंबाखूचं सूप असायचं,
मला तो वास कधी आलाच नाही.
लग्न झाल्यावर हे म्हणाले, तुझ्या केसांना तंबाखू येतो.
ह्यांच्या अंगाला खळीचा, सुताचा यायचा.
आजारात सगळंच गेलं.
सात महिन्यांनी परत आलं ते वेड लागून:
शेंगाचटणी म्हणजे जळकं टायर,
चहा म्हणजे ओलं पोतं.
चटणी अजून मीच कुटते, नाकाला पदर बांधून.
मीठ किती ते हाताला ठाऊक आहे.
श्रावणी बोटं चाटते, म्हणते, आत्या, पहिल्यासारखीच.
पहिल्यासारखी म्हणजे कशी, विचारायचं राहतंय.

दम?
सिव्हिलमध्ये सहा मिनिटं चालायला लावलं,
त्याच वऱ्हांड्यात.
सव्वीस नंबरच्या खाटेपाशी पाय थांबले.
तिथं पद्मावती होती, माझ्या शेजारी, नऊ दिवस.
आता कुणी पोरगा बसून केळं सोलत होता.
डॉक्टरनं घड्याळ बघितलं, लिहिलं: दम लागला.
तो दम नव्हता ओ.

रिपोर्ट? रिपोर्ट साफ आहेत.
फोटो साफ, रक्त साफ.
गल्लीत कुणी भेटलं की म्हणतं, तू तर वाचलीस बाई.
वाचले की. कोण नाही म्हणतंय?

आणि एक तुमच्या कागदावर नाही, तेही लिहा.
ह्यांचे कान मागानं खाल्ले, तीस वर्षं खडखड खडखड.
आमचा संसार ओरडून झाला.
भाजी काय आणू, ओरडून.
पोरगी बघायला कधी जायचं, ओरडून.
भिवंडीला जाऊ नका, ते पण ओरडून.
आता ओरडायला छातीत वारा पुरत नाही.
एक वाक्य निम्म्यात बसतं, घागरीसारखं.
म्हणून हे भिंतीकडे बघतात, मी सुपाकडे.
लोकांना वाटतं, किती शांत झालंय घर.

मुलगी गप्प झाली. मागून पंख्याचा आवाज येत होता.
मग म्हणाली, शेवटचा प्रश्न, मावशी.
एकूण जीवनाची गुणवत्ता?
म्हटलं, म्हणजे काय गं?
ती म्हणाली, म्हणजे... एकूण. सगळं धरून.

सगळं धरून.
मराठी आकडे शाळेतले, चौथीपर्यंतचे. ते दगा देतात.
आईनं मात्र विड्या आमच्या भाषेत मोजायला शिकवलं होतं,
मोजता मोजता माझ्या गुडघ्यावर टिचकी मारत.
मी सूप ओढलं. गुडघ्यावर बोट ठेवलं.
ओकटी. रेंडू. मूडू.

मावशी, आकडा सांगताय ना?
थांब बाळ. मोजतेय.

पदहारू.
पदिहेडू.

पद्देनिमिदी.